उभा काटा

माझ्या बायकोचं गॅरेज होतं आणि माझं शिवणाचं दुकान. दोन्ही एकाच इमारतीत, मधे एक पातळ भिंत. तिच्याकडे हातोडा पडला की माझा टाका हलायचा. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, की या घरात पाना बाईच्या हातात आणि सुई बुवाच्या. ती म्हणायची, त्यांना नट आवळता येत नाही आणि मला काजं करता येत नाहीत, ज्याचं त्याने करावं.

ती जाऊन वर्ष होत आलं. आमचं गाव उंच डोंगरावर आहे. मी आता खाली, समुद्रकाठच्या शहरात मुलीकडे राहतो. मुलगी इथल्या इस्पितळात नर्स आहे. ही गोष्ट तिच्या आईच्या गाडीची. त्या गाडीच्या इंजिनात काहीही बिघाड नव्हता, हे कुठेतरी नीट लिहिलेलं असावं म्हणून लिहितो.

गाडी जुनी, चौकोनी तोंडाची, टर्बोची. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. इंजिन जाम झालं म्हणून मालकाने ती भंगारात काढली होती. बायकोने ती ओढून आणली आणि एका हिवाळ्यात इंजिन पार सुटं करून पुन्हा बांधलं. तिचा धाकटा भाऊ तेव्हाही खाली याच शहरात गॅरेज चालवायचा. तो बघायला आला, सगळीकडे पसरलेले भाग पाहिले आणि म्हणाला, "ताई, टर्बोचं इंजिन म्हणजे भाऊजींचं शिलाई मशीन नव्हे. हे वर्षभर टिकलं तर मी मिशी काढीन."

वर्ष भरलं त्या दिवशी तिने त्याला कुरियरने वस्तरा पाठवला. भाऊ शब्दाला जागला. नंतर काही महिने त्याची बायको त्याला ओळख देत नव्हती, असं तोच सांगतो. मिशी परत आली, पण बहिणीच्या कामाबद्दल त्याने पुन्हा कधी शंका काढली नाही. उलट तिने हात लावलेली वस्तू म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं त्याचं झालं. पुढे जो घोटाळा झाला त्याचं मूळ तिथे आहे.

आणखी दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात.

पहिली, लाल ठिपका. लग्न नवीन असताना मी तिला लाल नेलपॉलिशची बाटली आणून दिली. तिच्या नखांत कायम काळं तेल. तिने बाटली उलटीसुलटी करून बघितली, हसली, आणि दुसऱ्या दिवशी बाटली पान्यांच्या पेटीत गेली. बोल्ट पूर्ण आवळून झाला की त्याच्यावर एक लाल ठिपका. ठिपका म्हणजे, हे मी पक्कं केलंय, आता याला कुणी हात लावायचा नाही. हळूहळू घरभर ठिपके झाले. गॅसच्या नळीवर, मिक्सरच्या स्क्रूवर, माझ्या मशीनच्या चाकावर. बाटली संपली की मी त्याच रंगाची नवी आणायचो. दुकानदाराला वाटायचं की माझी बायको फार नटवी आहे. मी त्याचा गैरसमज कधी दूर केला नाही.

दुसरी, बूस्ट मीटर. टर्बो किती दाबाने हवा कोंबतोय ते दाखवणारं गोल घड्याळ तिने विकत आणून डॅशबोर्डात बसवलं होतं. पण सरळ बसवलं नाही, मुद्दाम फिरवून बसवलं. इंजिन जोरात ओढत असताना दाब जेवढा असायला हवा, तो आकडा बरोबर वर, बाराच्या जागी येईल असं. म्हणजे चढावर आकडे वाचत बसायला नको. काटा उभा असला की सगळं ठीक. उजवीकडे कलला की दाब जास्त, इंजिनाला धोका. ती म्हणायची, लोकांच्या अंगावर काटा उभा राहतो, माझा गाडीत राहतो. मग तो घरातला शब्दच झाला. मुलगी वसतिगृहातून फोन करायची तेव्हा ती आधी विचारायची, काटा उभा आहे ना. मुलगी हो म्हणाली की मग बाकीचं बोलणं.

शेवटी शेवटी मुलगी रजा घेऊन घरी आली होती आणि रोज आईचं बीपी घ्यायची. तेही तसलंच घड्याळ, रबरी फुग्याचं. काटा वर गेला की मुलीचा चेहरा पडायचा. बायको पडल्या पडल्या म्हणाली, "तुझ्या मीटरात काटा खाली बरा, माझ्या मीटरात उभा बरा. मायलेकींचं जमायचं कसं?"

तर गाडी. ती गेल्यावर गाडी ताडपत्रीखाली उभी होती. मला गाडी चालवता येत नाही. मी खाली राहायला यायचं ठरलं तेव्हा मुलगी म्हणाली की आईची गाडी मी चालवत नेते, बाबा, तुम्ही शेजारी बसा. उतार संपेपर्यंत काही कळलं नाही, कारण उतारावर इंजिनाला जोर लागत नाही. सपाटीला आल्यावर एका ट्रकला मागे टाकायला तिने पाय दाबला, आणि काटा वर आला, उभा राहिला आणि थांबला नाही. उजवीकडे चांगला कलला. तिने पाय काढला. आम्ही दोघांनीही तो पाहिला होता. पुढचा रस्ता तिने बैलगाडीच्या चालीने काढला.

दुसऱ्या दिवशी मुलीच्या मामाचं, म्हणजे त्याच मिशीवाल्या भावाचं, गॅरेज गाठलं. त्याने काम मनापासून केलं, हे मी सांगितलंच पाहिजे. मीटरला जाणारी हवेची बारीक नळी पाहिली. ती कुठे चिरलेली नव्हती, दबलेली नव्हती, आत तेल नव्हतं. तरी त्याने नवी घातली. नळी इंजिनाला योग्य जागी जोडलीय का ते पाहिलं. टर्बोला एक लहान झडप असते, दाब जास्त झाला की ती उघडून जोर कमी करते. तिचा दांडा हलवून पाहिला, लोण्यासारखा हलत होता. मग तो मला शेजारी बसवून दोनदा चक्कर मारून आला. काटा दोन्ही वेळा तसाच कलला.

परत आल्यावर त्याने हात पुसले आणि कितीतरी वेळ पुसतच राहिला. मग म्हणाला की झडप आतून अडकत असणार. टर्बो उतरवावा लागेल. आणि एवढ्या दाबावर इंजिन चाललं असेल तर आत पिस्टन भाजले असतील, तेही उघडून बघायला हवेत. उद्या सकाळी सुरुवात करू.

मी बॉनेटखाली बघत होतो. आत सगळीकडे लाल ठिपके. काही तेलाने काळपट झालेले, पण एकही तुटलेला नव्हता. इंजिन उघडायचं म्हणजे ते सगळे फुटणार. नवीन बोल्ट येतील, चांगले बसतील, मामा काही कच्चा नाही. पण मग तिने बांधलेलं इंजिन म्हणून जे होतं ते राहणार नाही. आणि लोक म्हणतील, ती गेली आणि वर्षाच्या आत इंजिन उघडावं लागलं. बाईमाणसाने बांधलेलं, चाललं तेवढं चाललं. असं म्हणणारे आमच्या गावात होते, तिच्यासमोर गप्प बसायचे एवढंच.

मी मेव्हण्याला विचारलं, मीटर चुकत असेल तर? तो दुखावल्यासारखा झाला. म्हणाला, "भाऊजी, ते ताईने स्वतः बसवलंय. त्याच्या मागे तिचा ठिपकासुद्धा आहे, मी पाहिलाय. ताईचा काटा खोटं बोलणार नाही."

तिच्या बाजूने बोलणाऱ्या माणसाशी तिच्या बाजूने भांडायचं कसं, ते मला येईना.

सकाळी मुलगी रात्रपाळी संपवून इस्पितळातून थेट गॅरेजमध्ये आली, खांद्याला कामाची पिशवी. मामाने पाने काढून फडक्यावर मांडले होते. ती म्हणाली, मामा, पाच मिनिटं मला बसू दे आत. तो म्हणाला, बस की, तुझ्याच आईची गाडी. ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. गाडी सुरू केली नाही. नुसतीच बसली. मला वाटलं, निरोप घेतेय. माझ्याच्याने बघवेना म्हणून मी बाहेर नळावर जाऊन उगाच हात धुतले.

परत आलो तर तिने मामाला खिडकीशी बोलावलं होतं.

"मामा, बंद गाडीचा बूस्ट किती असतो?"

"शून्य. बंद गाडीला कसला आलाय बूस्ट?"

"मग हा काटा कुठे आहे बघ."

मामाने मान आत घातली. मीटर फिरवून बसवलेलं, त्यामुळे शून्य नेहमीच्या जागी नव्हतं, बाजूला कुठेतरी होतं. आमच्यापैकी कुणी वर्षानुवर्षं आकडे वाचलेच नव्हते. उभा का कललेला, एवढंच बघायचं. मामाने मान वाकडी करून आकडे वाचले. काटा शून्याच्या पुढे होता, चांगला दोन रेघा.

इस्पितळात पहिल्याच आठवड्यात हे शिकवतात, ती म्हणाली. पट्टा बांधायच्या आधी काटा शून्यावर आहे का बघायचं. नाहीतर चांगल्या माणसाला गोळ्या सुरू होतात.

मामा लगेच मानणाऱ्यातला नाही. त्याचं म्हणणं, जुनं मीटर आहे, खाली थोडा काटा सरकला असेल, पण वर बरोबर दाखवत असेल. तसंही होतं कधीकधी. ती म्हणाली, मग तपासू. मामाकडचं मीटर टायरचं, त्यावर एवढ्या कमी दाबाच्या रेघाच नीट नव्हत्या. तेव्हा हिने पिशवीतून बीपीचं यंत्र काढलं. पट्टा सोडवला आणि फुगा, तिचं घड्याळ आणि गाडीच्या मीटरची नळी अशा तिन्ही गोष्टी एका तीन तोंडाच्या जोडाला लावल्या. जोड मामानेच शोधून दिला, कारण आता त्यालाही राहवत नव्हतं.

आधी तिने स्वतःच्या घड्याळाचा काटा शून्यावर आहे हे आम्हा दोघांना दाखवलं. मग फुगा दाबायला लागली. मामा मोबाइलवर हिशोब करून सांगत होता, बीपीचा अमुक म्हणजे गाडीचा तमुक. दीडशेला थांबली. गाडीच्या मीटरने दोन रेघा जास्त दाखवल्या. तीनशेला थांबली, तिथे तिचं यंत्र संपतं. पुन्हा दोनच रेघा जास्त. हवा सोडली, गाडीचा काटा खाली आला आणि शून्याच्या दोन रेघा आधीच थांबला.

शेजारच्या दुकानातला बॅटरीवाला दारात उभा राहून बघत होता. त्याने विचारलं, काय चाललंय. मामा म्हणाला, "दिसत नाही का? गाडीचं बीपी घेतायत सिस्टर."

पण आवाज त्याचा बदलला होता. मीटर प्रत्येक वेळी तेवढंच जास्त सांगत होतं. दोन रेघा काढून टाकल्या तर काल रस्त्यावरचा दाब जेवढा हवा तेवढाच होता. त्याने हे मनात मांडलं आणि मग मोठ्याने म्हणाला की म्हणजे इंजिन ठीक आहे. पण लगेच म्हणाला, पण ताईचं मीटर...

तेव्हा मुलगी जे बोलली ते मी रोज आठवतो.

"मामा, आईने इंजिन बांधलंय. मीटर तिने विकत आणलंय. खोटं बोलायचंच असेल तर कोण बोलेल?"

मामा गाडीच्या उंबऱ्यावर बसला. फडक्यावर मांडलेले पाने त्याने एकेक करून पेटीत ठेवले. माझं सगळं आयुष्य मापात गेलं. जुनी टेप ताणली जाते आणि मग कापड कमी भरतं, गिऱ्हाइकाला दोष देण्याआधी टेप बघावी, हे मी शिकाऊ पोरांना सांगत आलो. आणि ते मला सुचलं नाही, माझ्या मुलीला सुचलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. ऊर भरून आला.

आता प्रश्न, मीटर असं का करतंय. मामाने ते डॅशबोर्डातून काढून हातात घेतलं आणि उलटं केलं. मागे लाल ठिपका. त्याने तो अंगठ्याने चाचपला आणि कपाळावर हात मारला.

त्याने समजावलं ते असं. या मीटराच्या डबीला मागे टाचणीएवढं भोक असतं. बाहेरची हवा डबीत यावी म्हणून. मीटर नळीतल्या हवेची तुलना डबीतल्या हवेशी करतं. ताईने ते भोकच बुजवलंय.

का बुजवलं ते मला ठाऊक होतं. वर आमच्याकडे धुकं इतकं, की काचेच्या आत पाणी धरायचं आणि काटाच दिसायचा नाही. एका दुपारी तिने मीटर स्वयंपाकघरात आणून शेगडीजवळ सुकवलं, आणि पुन्हा ओल जाऊ नये म्हणून मागच्या भोकावर ठिपका दिला. मी तिथेच बसून बटणं लावत होतो. त्यानंतर कधी काच धुरकटली नाही.

आणि वर ते बरोबरच चालायचं, मामा म्हणाला. वर हवा विरळ, डबीत कोंडलेली हवाही तीच विरळ. ताईने ती गाडी कधी खाली आणली नाही. तुम्ही आणलीत. खालची हवा जड. मीटर अजून डोंगरावरच्या हवेशी तुलना करतंय, म्हणून त्याला सगळंच जास्त वाटतं.

मुलगी म्हणाली, म्हणजे तिचं चुकलं नव्हतं. मामा म्हणाला, तिच्या जागी तिचं बरोबरच होतं.

उपाय सोपा. ठिपका खरवडायचा. मामाने पातळ पातं घेतलं, मीटरावर टेकवलं आणि थांबला. आयुष्यभर त्याने त्या ठिपक्यांना हात लावला नव्हता. त्याने पातं मुलीपुढे केलं. मुलीने मान हलवली आणि मीटर माझ्या हातात दिलं. म्हणाली, "बाबा, बाटली तुम्ही आणली होती. तुम्ही ठरवा."

शिंप्याच्या कॉलरच्या आतल्या बाजूला सुई असते. दुकान बंद केलं तरी माझी गेली नाही. मी ती काढली. ठिपका खरवडला नाही. उजेडाकडे धरून मधोमध सुई टेकवली, थोडी फिरवली आणि आत जाऊ दिली. रंग कडक झाला होता, पण गेली. सुई बाहेर काढली तेव्हा बारीक आवाज झाला असं मामा म्हणतो. मला नाही ऐकू आला. माझं लक्ष काट्याकडे होतं. तो हातातल्या हातात सरकला आणि शून्यावर जाऊन बसला.

ठिपका होता तसाच राहिला, मधे फक्त दोरा जाईल एवढं भोक. त्या डबीत आमच्या स्वयंपाकघरातली हवा होती, तिने कोंडलेली, हे माझ्या मनात आलं. ती असती तर म्हणाली असती, हवा ती हवा, मीटर बसवा आधी.

मामाने मीटर पुन्हा बसवलं, बायकोने फिरवलं होतं तसंच फिरवून. मग तो मागच्या सीटवर, मी पुढे, आणि चालवायला मुलगी. रात्रभर जागी होती तरी चावी दुसऱ्या कुणाला देईना. समुद्राच्या कडेने रस्ता जातो, पुढे मोठा पूल आहे, त्याला लांब चढ. मामा मागून सांगत होता, आत्ता नको, आत्ता नको, पुढची बस जाऊ दे. बस गेली. तो म्हणाला, दे.

तिने पाय दाबला. इंजिनाने ओढ घेतली, पाठ सीटला टेकली, टर्बोची बारीक शीळ सुरू झाली. काटा वर यायला लागला. काटा वर आला, बाराच्या जागी पोचला आणि थांबला. पुलाच्या टोकापर्यंत तिथेच, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही.

मग मागून मामा म्हणाला, "काट्याने काटा काढला पोरीने."

मुलगी रस्त्याकडे बघत होती. गाल ओले होते, पण हात स्टिअरिंगवर घट्ट. तिने विचारलं, "बाबा, काय दिसतंय?"

"उभा आहे," मी म्हणालो. माझ्या हातावरचाही उभा होता, ते सांगितलं नाही.

इंजिन अजून उघडलेलं नाही. मुलगी रोज त्याच गाडीने कामाला जाते. गाडीत बसली की आधी बंद गाडीचा काटा शून्यावर आहे का बघते, मगच चावी फिरवते. मामाच्या गॅरेजात आता नवा नियम आहे, मीटर कुणीही बसवलेलं असो, आधी शून्य बघायचं. नव्या माणसाने का विचारलं तर तो ही सगळी गोष्ट सांगतो, वस्तऱ्यापासून. सांगताना मिशीवरून हात फिरवतो, आणि बॉनेट उघडून ठिपके दाखवतो, एकही फुटलेला नाही म्हणून. मी तिथे असलो तर तो म्हणतो, हे त्यांचे मिस्टर. मी मान हलवतो. मला आजवर पुष्कळांनी पुष्कळ काही म्हटलं, पण एवढं चांगलं कुणी म्हटलं नाही.